एफ कॉर्ड आणि दोन बोटं

गिटार शिकणाऱ्यांची गाडी अडते ती एफ कॉर्डपाशी. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची, वर उरलेली तीन बोटं पुढे रोवायची. तारा नुसत्या खडखडतात. आमच्या नातीने तर गिटार खोळीत घातलं, "आजोबा, माझी बोटंच लहान!"

तिला जँगो राइनहार्ट सांगितला. १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या घरगाडीला आग लागली; डावी अनामिका नि करंगळी कायमची आखडली. पठ्ठ्याने दोन बोटांवर ताना बसवल्या, जाड तारांना अंगठा लावला, आखडलेली बोटं कॉर्डपुरती वापरली. १९३४ला ग्रापेलीबरोबर त्याचं पंचक उभं राहिलं.

पुढे १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याला फोरमनने आणून ऐकवली ती जँगोचीच रेकॉर्ड.