1949 वजा करून बघा

देवळालीच्या फलाटावर पाय ठेवता न ठेवता इंजिनाच्या धुरातला कोळशाचा कण तुमच्या डोळ्यात जातो. साल 1949. डोळा चोळत बाहेर येता आणि टांगेवाल्याला पत्ता विचारता.

"कापरेकर मास्तर? ते आकडेवाले?" तो हसतो.

हे हसू तुमच्या चांगल्या ओळखीचं. पंगतीत तुम्ही मूळ संख्यांचा विषय काढलात की शेजारचा असाच हसतो आणि मठ्ठा मागवतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर 1930 पासून इथल्या शाळेत शिकवताहेत. जन्म डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये असताना 1927 साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, 1929 ला पदवी, आणि शिक्षण तिथंच थांबलं. तुम्ही नाव-गाव सांगायच्या आत पाटी पुढं येते.

"चार अंकी संख्या सांगा. सगळे अंक सारखे नकोत."

तुम्हाला चालू सालच सुचतं.

अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, 9941. मग चढत्या, 1499. वजाबाकी 8442. आता हिच्याशी तेच. 5994. मग 5355; इथं तुमचा हातचा राहतो, मास्तर नुसतं बोट ठेवतात. पुढं 1998, मग 8082. आता 8820 मधून 0288 वजा करायचे, आधीचं शून्य गाळायचं नाही. 8532. आणि सातव्या खेपेला 6174.

"पुढं करा."

7641 वजा 1467. पुन्हा 6174. ती जागची हलत नाही. कुठल्याही संख्येला सातहून जास्त पायऱ्या लागत नाहीत; तुमच्या 1949 नं सातही घेतल्या. एवढा वेळ कुणी आपल्याबरोबर वजाबाक्या करत बसलं होतं का, हे तुम्ही आठवून बघता. कुणीच नाही.

याच वर्षी मद्रासच्या गणित परिषदेत मास्तर ही संख्या मांडतात. देशातले गणिती त्यांचं काम फारसं मनावर घेत नाहीत. ही तर करमणूक! त्यांचा एक मुद्दा खराही आहे: दशमान पद्धत सोडली की 6174 ची किमया उरत नाही. पण पंचाईत बघा, गावाला मास्तरांचं गणित फार वाटतं आणि विद्वानांना फारच थोडं. मला विचाराल तर दुसरी उपेक्षा जास्त बोचणारी. गाव हसलं तर माणूस परिषदेची वाट धरतो. परिषदेनं मान फिरवली की त्यानं जायचं कुठं? मास्तर पाटीकडे जातात. लेख साध्यासुध्या नियतकालिकांत येतात, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापायची. पाठोपाठ नव्या प्रकारच्या संख्या येत राहतात, एका प्रकाराला तर ते देवळालीचंच नाव देतात.

तुम्ही वर्षं ओलांडत पुढं निघता. 1962 ला मास्तर निवृत्त होतात. पेन्शन पुरत नाही, शिकवण्या घ्याव्या लागतात. 1966 ला पत्नी जाते. मार्च 1975 मध्ये थांबा: मार्टिन गार्डनर 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहितात आणि जगभरच्या गणितवेड्यांना देवळालीचा पत्ता कळतो. मास्तर तेव्हा 70 वर्षांचे आहेत.