शंभरांतील सोळा जागा

'राखीव' हा शब्द आपल्याकडे उच्चारला की निम्मी सभा सावरून बसते आणि निम्म्या सभेच्या कपाळाला आठी पडते. आगगाडीच्या डब्यापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो आपल्याच मातीत उगवला असावा असे आपण धरून चालतो. परंतु सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाच्या एका वर्गातही हा शब्द लिहिलेली पाटी लावलेली होती. जॉर्ज मॅक्लॉरिन नावाचे एक कृष्णवर्णीय प्रौढ गृहस्थ शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवण्यासाठी तेथे आले. न्यायालयाच्या बडग्यामुळे १९४८ साली त्यांस प्रवेश द्यावा लागला. पण बसवायचे कोठे? आधी वर्गालगतच्या खोलीत त्यांचे मेज मांडले. पुढे वर्गात घेतले तेव्हा त्यांच्या जागेभोवती कठडा घातला आणि त्यावर पाटी लावली : 'कृष्णवर्णीयांसाठी राखीव'. ग्रंथालयात त्यांचे टेबल निराळे, भोजनगृहात जेवणाची वेळ निराळी.

त्याच सुमारास टेक्सास राज्यात दुसरा एक खटला चालला होता. हेमन स्वेट हे ह्यूस्टन शहरात टपाल वाटण्याचे काम करीत. १९४६ साली त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या कायद्याच्या महाविद्यालयात अर्ज केला. अर्जात खोट एकच होती आणि विद्यापीठाने ती लपवलीही नाही : अर्जदाराचा वर्ण. 'वेगळे पण समान' या १८९६ सालच्या न्यायसूत्राच्या आधारे राज्याने कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईने एक स्वतंत्र कायद्याचे महाविद्यालय उघडले आणि स्वेट यांनी तिकडे जावे असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयापुढे दोन्हींची मोजदाद झाली. एकीकडे पूर्ण वेळचे १६ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० ग्रंथ. दुसरीकडे ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, १६,५०० ग्रंथ. पण निकालातील खरी मोलाची गोष्ट पुढेच आहे. जे मोजता येत नाही तेच अधिक महत्त्वाचे, असे न्यायालय म्हणाले : महाविद्यालयाचा लौकिक, तेथून बाहेर पडलेल्यांचे वजन, त्याची परंपरा. उद्या ज्या वकिलांशी आणि न्यायाधीशांशी गाठ पडायची, त्यांच्यापासून विद्यार्थ्याला तोडून ठेवले तर ते शिक्षण समान कसे? स्वेट आणि मॅक्लॉरिन या दोघांचे निकाल ५ जून १९५० या एकाच दिवशी लागले आणि दोघेही जिंकले. स्वेट यांची बाजू मांडणारे वकील होते थरगुड मार्शल. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

शाळांतील वर्णभेद १९५४ साली बेकायदा ठरला. १९६२ साली जेम्स मेरेडिथ यांस मिसिसिपी विद्यापीठात बसवण्यासाठी सैन्य आणावे लागले आणि त्या दंगलीत दोन माणसे मेली. हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही तो येथे विस्तारत नाही. आमचा विषय त्यानंतरचा आहे. दार उघडल्यावर आत कोण आले?

कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावी १९६८ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दारावर कोणतीही पाटी नव्हती. पहिल्या वर्गात ५० विद्यार्थी आले. त्यांत आशियाई ३, कृष्णवर्णीय एकही नाही, मेक्सिकन वंशाचा एकही नाही, मूळचा अमेरिकन इंडियन एकही नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली हॉवर्ड विद्यापीठातील भाषणात सांगितले होते ते असेच काहीसे : वर्षानुवर्षे ज्याच्या पायांत बेडी होती त्याला सोडवून शर्यतीच्या रेषेवर उभे केले, आणि 'आता पळ' म्हटले, तर तेवढ्याने न्याय झाला असे समजू नये. डेव्हिसच्या चालकांनी मग विशेष प्रवेशाची योजना आखली. पुढे वर्ग शंभरांचा झाला तेव्हा त्यांतल्या १६ जागा मागास अल्पसंख्यांसाठी बाजूला ठेवल्या.

या सोळा जागांवर बोट ठेवणारा माणूस अ‍ॅलन बाकी. गोरा, पेशाने इंजिनिअर, व्हिएतनामच्या युद्धात नौसैनिक दलात काम करून आलेला, वय ३३. नोकरी सांभाळून त्याने शास्त्रविषयांचा अभ्यास केला आणि १९७३ साली अर्ज केला. मुलाखतींसह त्याला ५०० पैकी ४६८ गुण पडले, प्रवेश नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. विशेष योजनेतून आलेल्या काहींचे गुण त्याच्याहून पुष्कळ कमी होते. बाकीला दुष्ट ठरवून हा प्रश्न सोडवणारे लोक आम्हांला पसंत नाहीत. त्याने कोणाला गुलाम केले नव्हते, कोणाच्या वर्गात कठडा उभारला नव्हता. त्याला डॉक्टर व्हायचे होते. आजोबाने केलेल्या कर्जासाठी नातवाच्या ताटातला घास काढावा काय, हा त्याचा प्रश्न खरा होता. आपल्याकडे दर जून महिन्यात घरोघर हाच प्रश्न विचारला जातो.

२८ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो मोठा विचित्र होता. चार न्यायाधीश म्हणाले, योजना बेकायदा. चार म्हणाले, योजना योग्य. मधोमध एकटे न्यायमूर्ती पॉवेल. त्यांनी सोळा जागांची रीत मोडीत काढली आणि बाकीस प्रवेश देवविला. पण प्रवेश देताना वर्ण हा अनेक गोष्टींपैकी एक म्हणून पाहण्यास हरकत नाही, असेही सांगितले. का हरकत नाही? येथे सगळी मेख आहे. समाजाने पूर्वी केलेल्या अन्यायाची भरपाई करणे हे कारण पॉवेल यांनी मानले नाही. त्यांनी मानलेले कारण निराळे होते : विद्यार्थिवर्गातील वैविध्य. नाना तऱ्हेची मुले एकत्र आली की सर्वांचेच शिक्षण चांगले होते. आयडाहोच्या शेतकऱ्याच्या मुलाजवळ बोस्टनच्या मुलाजवळ नसलेले काही असते, तसेच कृष्णवर्णीय मुलाजवळही असते.

वाचायला हे गोड आहे. पण त्यामुळे काय झाले ते पहा. अडीचशे वर्षांच्या गुलामगिरीचे रीण आणि आयडाहोचा बटाट्याचा मळा हे एकाच ओळीत येऊन बसले. कृष्णवर्णीय मुलाला जागा मिळाली ती त्याचे काही देणे लागत होते म्हणून नव्हे; शेजारच्या गोऱ्या मुलाचे शिक्षण त्याच्यामुळे रुचकर होईल म्हणून. त्याच न्यायासनावर थरगुड मार्शल बसले होते, १९६७ पासून. त्यांनी आपले वेगळे मत लिहिले आणि त्यात सारा इतिहास सांगितला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जवळजवळ दोनशे वर्षे संविधानाच्या अर्थाने भेदभावाच्या आड येण्याचे नाकारले, आता त्या भेदभावाचे परिणाम पुसायला राज्य निघाले, तेव्हा तेच संविधान आड यावे काय? आमच्या समजुतीप्रमाणे त्या निकालातील हीच पाने सर्वांत जड आहेत. बहुमताने मात्र ती घेतली नाहीत.

पॉवेल यांनी आदर्श म्हणून जी पद्धत दाखवली आणि निकालपत्राला जोडली, ती हार्वर्ड विद्यापीठाची. येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. कारण या पद्धतीची जन्मकथा फार कमी लोक सांगतात. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये यहुदी विद्यार्थी शेकडा २० च्या वर गेले. ही बहुतेक स्थलांतरितांची, कष्टाळू घरांतली मुले. परीक्षा पास होत आणि आत येत. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांस हे खुपले. १९२२ साली त्यांनी यहुद्यांवर शेकडा १५ ची मर्यादा घालावी असे सुचवले. उघड मर्यादा प्राध्यापकांना रुचली नाही. मग उघड न करता तेच केले गेले. नुसत्या परीक्षेवर प्रवेश न देता अर्जदाराचे शील, व्यक्तिमत्त्व, वळण पाहायचे. अर्जासोबत छायाचित्र मागवायचे. १९२६ पासून ही रीत रुळली आणि यहुद्यांची संख्या खाली आली. ज्याला 'समग्र माणूस पाहणे' म्हणतात, तो तराजू अशा कामासाठी घडवलेला होता. पुढे त्याच तराजूत कृष्णवर्णीयांच्या बाजूने थोडे वजन टाकले गेले, हे खरे. पण दांडी कोणाच्या हातात राहिली, हेही विसरता कामा नये.

हाच पेच आपल्या देशातही पडला होता, आणि तोही अमेरिकेच्या सत्तावीस वर्षे आधी. मद्रास सरकारचा एक जातवार आदेश होता. त्यानुसार दर १४ जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना मिळून १ आणि मुसलमानांना १, अशी वाटणी होई. चंपकम् दोराईराजन् या महिलेने त्याविरुद्ध दाद मागितली. गंमत अशी की वैद्यकीय महाविद्यालयाकडे तिने अर्जच केला नव्हता. ब्राह्मण असल्याने उपयोग नाही, असे तिला चौकशीत कळले होते. १९५१ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि दोनच महिन्यांत संसदेने संविधानात दुरुस्ती करून पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घातले. तेव्हा कायदेमंत्री डॉ. आंबेडकर होते, बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन बसलेले. त्याआधी १९०२ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांसाठी ठेवल्याच होत्या, आणि त्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केले होते. आपल्याकडील भांडणे संपली असे आम्ही म्हणत नाही. कोणाला, किती आणि कोठवर, यांवर आपण रोज भांडतो. परंतु कशासाठी, हे मात्र आपण दस्तऐवजात लिहून ठेवले. अमेरिकेने ते लिहिले नाही.

त्याची फळे हळूहळू दिसू लागली. १९९६ साली कॅलिफोर्नियाने लोकमत घेऊन सरकारी विद्यापीठांत वर्ण पाहण्यास बंदी केली. टेक्सासने १९९७ मध्ये निराळी युक्ती काढली : प्रत्येक शाळेतल्या वरच्या शेकडा दहा मुलांना प्रवेश. ही युक्ती चालली, कारण शाळा पुष्कळ अंशी वर्णवार वेगळ्याच राहिल्या होत्या! २००३ साली मिशिगन विद्यापीठाचे दोन खटले झाले. १५० गुणांपैकी २० गुण वर्णाबद्दल सरसकट देण्याची पद्धत रद्द झाली. मोघम पाहण्याची पद्धत टिकली. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी मात्र पंचवीस वर्षांनी याची गरज राहणार नाही अशी अपेक्षा लिहून ठेवली. आणि वैविध्य हेच कारण राहिल्यामुळे विद्यापीठांना नुकत्याच आलेल्या आफ्रिकी डॉक्टरांचा मुलगा आणि मिसिसिपीतल्या गुलामांचा पणतू यांत फरक करण्याचे प्रयोजन उरले नाही. वर्ण तोच, रकाना तोच.

शेवटचा खटला मात्र आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. २०१४ साली हार्वर्डविरुद्ध फिर्याद झाली ती आशियाई विद्यार्थ्यांच्या वतीने, आणि त्या एका शब्दात भारतीयही येतात. आपल्यापैकी पुष्कळांचे भाचे-पुतणे, नातवंडे न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात वाढत आहेत. गणितात पैकीच्या पैकी गुण घेऊनही अमुक ठिकाणी नाकारले, हे फोनवर आपण ऐकलेले आहे. खटल्यातील कागदपत्रांवरून दिसले की अभ्यासात वरचढ असणाऱ्या या मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'च्या खात्यात सरासरीने कमी गुण पडत होते. १९२६ चा तराजू पुन्हा दिसला म्हणावयाचा. या घरांचा राग समजण्यासारखा आहे. पण ती घरे तेथे कशी पोचली? १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे गोरे नव्हेत म्हणून नागरिकत्वास पात्र नाहीत असे ठरवले होते. १९४६ नंतरही वर्षाला सुमारे शंभर भारतीयांनाच वास्तव्यासाठी वाट होती. ती वाट रुंद झाली १९६५ च्या कायद्याने. आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या चळवळीने तापवलेल्या हवेतच संमत झाला. आपल्या इंजिनिअरांना विमानात बसण्यापूर्वी कोणी हे सांगितले नसावे.

२९ जून २०२३ रोजी निकाल लागला आणि प्रवेशात वर्ण विचारात घेण्याची रीत बहुतेक संपली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटले की वैविध्याचे हे हेतू न्यायालयाला मोजून पाहता येण्याजोगे नाहीत. १९५० साली जे मोजता येत नाही तेच महत्त्वाचे ठरले होते. २०२३ साली न मोजता येणे हाच दोष झाला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत नव्या वर्गातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा १३ वरून ५ वर आले. येल आणि प्रिन्स्टनमध्ये मात्र फारसा फरक पडला नाही. असे का, यावर तेथील विद्वान वाद घालीत बसले.

एका गोष्टीला त्या निकालाने हात लावला नाही. हार्वर्डमध्ये आत आलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ४० हून अधिक मुले खेळाडू म्हणून निवडलेली, माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची किंवा देणगीदारांशी संबंध असलेली होती, हे याच खटल्यात उघड झाले होते. त्या जागांना राखीव म्हणण्याची तेथे पद्धत नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून खाजगी महाविद्यालयांतही आईबापांच्या पुण्याईवर प्रवेश देण्यास मनाई केली. इतर काही राज्यांनीही त्या दिशेने पावले टाकली.

अ‍ॅलन बाकी १९८२ साली डेव्हिसमधून डॉक्टर होऊन बाहेर पडला. हेमन स्वेट मात्र खटला जिंकून १९५० च्या सप्टेंबरात वर्गात गेले, आणि दोन वर्षांनी पदवी न घेताच त्यांनी महाविद्यालय सोडले. ज्या ऑस्टिन शहरात त्यांस प्रवेश नाकारला होता, तेथील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.