जामखेडचे आरोळे डॉक्टर



गावात बाळंतीण घरी आली की आशाताई तिच्या दारात येते. बाळाचं वजन करते, आईला काय खायचं ते सांगते, लसीची तारीख लक्षात आणून देते. आपल्याला आता यात काही नवल वाटत नाही. पण फारशी शाळा न शिकलेली, आपल्यातलीच एक बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे आधी कुणीतरी करून दाखवावं लागलं. ज्यांनी ते करून दाखवलं, त्यांत जामखेडच्या डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे या नवराबायकोचं नाव फार वर घ्यावं लागतं. आज आम्ही त्यांची आठवण सांगणार आहोत.

रजनीकांत आपल्या नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. १९६० साली लग्न केलं, तेव्हाच दोघांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. पुढं नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काम केलं. तिथं त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. हगवणीनं सुकलेलं लेकरू बरं करून घरी पाठवावं, तर काही दिवसांनी तेच लेकरू तोच आजार घेऊन परत दारात. घरी पाणी तेच गढूळ आणि ताट तेच रिकामं. मग औषध किती दिवस पुरणार? दोघं पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, पण मनात हाच प्रश्न घेऊन. १९७० साली परत आले आणि त्यांनी जामखेड निवडलं. कायम दुष्काळी, मोठ्या शहरापासून लांब असलेला तालुका. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला.

तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आकडा ऐकून विसरू नका. गल्लीतल्या सहा बाळंतिणी डोळ्यासमोर आणा. त्यांतल्या एकीची कूस वर्षात रिकामी होत होती.

लगेचच १९७२ चा मोठा दुष्काळ आला. डॉक्टरांनी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? लोक म्हणाले, आधी अन्न आणि पाणी. मग डॉक्टर मंडळी पाण्याच्या मागं लागली. गावोगावी बोअर घेतले, हातपंप बसवले. ते दलित वस्तीत बसावेत असा डॉक्टरांचा आग्रह असे. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला त्या वस्तीत यावं लागे. जातीवर भाषण देऊन जे झालं नसतं, ते तहानेनं थोडं थोडं घडवलं.

आता मैत्रिणींनो, महत्त्वाची गोष्ट. डॉक्टरांचा पहिला बेत फसला होता. गावात राहून काम करायला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई नेमल्या. पण परक्या गावात एकटीनं राहणं त्यांना अवघड, आणि बाहेरून आलेल्या मुलीला घरातलं दुखणं सांगणं गावच्या बायांना अवघड. डॉक्टरांनी हट्ट धरला नाही. गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी, तिला आपण शिकवू, असं ठरलं. पुष्कळ बाया निरक्षर होत्या. कुणी दलित, कुणी मराठा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा.

या बाया आठवड्यातून जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत आणि एकाच खोलीत झोपत. सुरुवातीला हेही सोपं नव्हतं. शिकवणीत पहिला धडा औषधाचा नव्हता. नाव विचारलं तर पुष्कळजणी खाली बघत आणि अमक्याची बायको, अमक्या गावची एवढंच सांगत. स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला, समोरच्याकडं बघून बोलायला त्या शिकल्या. काहींनी तर घरी आरशासमोर उभं राहून सराव केला. मग हगवणीला मीठ-साखरेचं पाणी, गरोदरपणात पोटभर खाणं, स्वच्छ बाळंतपण, कुटुंब नियोजन, क्षयाची आणि कुष्ठरोगाची औषधं न चुकता देणं. एक गोष्ट शिकायची, गावात जाऊन ती इतर बायांना शिकवायची, पुढच्या वेळी येऊन काय झालं ते सांगायचं. गावात महिला मंडळं उभी राहिली, शेतकऱ्यांची मंडळं झाली.

डॉक्टर या बायांना मदतनीस समजले नाहीत. त्यांना ते आपले सहकारी मानत. जामखेडला देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापुढं उभं राहून शिकवायला या बायाच असत. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ यांनी अमेरिकेत एका मोठ्या सभेत सांगितलेली गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या की मोठे डॉक्टर असे असतात, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. मग त्यांनी एक साधा दिवा लावला, त्यावर दुसरा लावला आणि सांगितलं की आम्ही अशा आहोत, एकीवरून दुसरी पेटते.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं बालमृत्यूचा आकडा हजारी पंचवीसच्या आसपास आला. १९९९ साली मेबलताई गेल्या. डॉक्टरांनी काम थांबवलं नाही. मे २०११ मध्ये तेही गेले.

मोठा माणूस गेला की सगळे रडतात. पण इथं ज्यांच्यावर दुःख कोसळलं, त्यांत तीस-चाळीस वर्षं बरोबरीनं काम केलेल्या या बाया होत्या. ज्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं, त्यांना नावानं बोलावणारा आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस गेला होता. बापमाणूस गेला, असं आपण म्हणतो. पण बाप गेल्यावर घर पोरकं होतं. जामखेडचं काम पोरकं झालं नाही. दवाखाना चालू राहिला, डॉक्टरांची मुलं तिथं काम करत राहिली आणि गावातल्या बायाही. कारण डॉक्टरांनी आपली विद्या कुलपात ठेवली नव्हती. ती पदर पसरून उभ्या असलेल्या बायांना नव्हे, सोबत बसलेल्या बायांना त्यांनी वाटून दिली होती.

आम्हाला वाटतं, आपल्या बचत गटांनी हे मनावर घ्यावं. आपल्याही गटात एखादी ताई असते. वही तीच लिहिते, बँकेत तीच जाते, साहेबाशी तीच बोलते. ती खूप चांगली असते, म्हणूनच आपण सगळं तिच्यावर सोडून देतो. ती आजारी पडली, लेकीकडं गेली, तर गट बसतो. यात ताईचा दोष नाही. पण तिच्यावर खरी माया असेल, तर तिचं काम शिकून घ्यायला हवं. आणि ताई, तुम्ही ऐकत असाल तर पुढच्या बैठकीला वही दुसरीच्या हातात द्या. ती चुकेल. चुकू द्या. जामखेडच्या बायाही पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगताना अडखळल्या होत्या.