पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग कशी निवडावी?

अर्धस्वयंचलित पिस्तुलातून गोळी सुटली की स्लाइड मागे जाते आणि रिकामी पुंगळी बाहेर पडते. या स्लाइडचा वेग आवरणे, मग तिला पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवणे, हे काम रिकॉइल स्प्रिंगचे.

स्प्रिंगची ताकद पाउंडात सांगतात. पाच इंची नळीच्या .४५ कॅलिबर एम१९११ पिस्तुलात नेहमीच्या काडतुसांसाठी १६ पाउंडांची स्प्रिंग प्रमाण मानली जाते. नेमबाजीतील सौम्य काडतुसांना त्याहून हलकी, तर याच पिस्तुलाच्या आखूड नळीच्या प्रकारांना अधिक कडक स्प्रिंग लागते.

स्प्रिंग कमजोर असेल तर पुंगळ्या फार दूर उडतात आणि स्लाइड चौकटीवर जोरात आदळून झीज वाढते. फार कडक असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही. पुंगळी अडकते किंवा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नाही. त्यामुळे ‘जितकी कडक तितकी चांगली’ हा समज चुकीचा आहे.

वापराने स्प्रिंग थकते आणि आखूड होते. बदलताना उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीपासूनच सुरुवात करावी. त्याआधी मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याची खात्री करावी.