रोग्याची संमती

वैद्यकातील नीतिविचार ही काही नवी गोष्ट नव्हे. चरकसंहितेत आचार्य शिष्याला वैद्याचे आचरण सांगतात. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावे शपथ चालत आली. परंतु दोन्हीकडे बंधन वैद्याच्या सद्बुद्धीचे. रोग्याला विचारले पाहिजे, हा दंडक राज्यकारभारात रुजला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि तोही मोठी किंमत मोजून.

ऑगस्ट १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. त्यात मानवी प्रयोगांविषयी दहा सूत्रे घालून देण्यात आली. स्वखुशीच्या संमतीवाचून कोणावरही प्रयोग होऊ नये, हे त्यांतील पहिले. ही सूत्रे सांगणारे न्यायाधीश अमेरिकन होते. आणि त्याच अमेरिकेत, अलाबामातील टस्कीगी येथे, एक प्रयोग १९३२ पासून चालू होता.

सरकारी आरोग्य खात्याने तेथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव कळू दिले नाही. रक्त बिघडले आहे, एवढेच सांगितले. आमिष होते फुकट तपासणीचे, जेवणाचे आणि अंत्यविधीच्या खर्चाचे. पुढे पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आला, पण तोही त्यांना मिळू दिला नाही. यात चोरून काही नव्हते. अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत. पीटर बक्स्टन या खात्यातील तरुणाने १९६६ मध्ये हरकत घेतली, ती वरिष्ठांनी मानली नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हाच प्रयोग थांबला.

पंचवीस वर्षे सूत्रे ग्रंथांत राहिली. ती नराधमांसाठी आहेत, आपल्यासारख्या सज्जनांसाठी नव्हेत, अशी अनेक डॉक्टरांची समजूत होती. शिवाय ती पाळली जातात की नाही, हे पाहणे कोणाच्याही कामात मोडत नव्हते. ही उणीव १९७४ च्या अमेरिकन कायद्याने भरून काढली. प्रयोगापूर्वी परीक्षण समितीची अनुमती आवश्यक ठरली. १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये आपले धोरण जाहीर केले आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली.

अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९९७ मध्ये टस्कीगीच्या पीडितांची क्षमा मागितली, तेव्हा त्यांतील मोजकेच वृद्ध हयात होते. आज संमतिपत्र सर्वत्र आहे. पण न समजता उमटवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. कागदाआधी रोग्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणे व्हावे लागते. टस्कीगीत नेमके तेवढेच झाले नव्हते.