मुलांचे मित्रगट

मुलांचे मित्रगट : साधारण एका वयाच्या मुलांनी परस्परांच्या ओढीने, स्वतःहून बांधलेले लहान समूह. वर्ग, तुकडी, वसतिगृहातील खोली हे समूह मोठी माणसे ठरवतात. मित्रगट मुले ठरवतात. खेळात कोणाला घ्यायचे, राज्य कोणावर आणायचे, कट्टी किती दिवस धरायची, कोणाचे गुपित कोणाला सांगायचे नाही, हे नियम मुलेच करतात आणि एकमेकांकडून पाळून घेतात. आईवडिलांच्या व शिक्षकांच्या जगात मूल धाकटे असते, तर सवंगड्यांच्या जगात ते बरोबरीचे असते. म्हणूनच वाटाघाट, निष्ठा, न्याय, माघार आणि समेट या गोष्टींचा पहिला सराव त्याला येथे मिळतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र व शिक्षणशास्त्र या चारही शाखांत या विषयाचा अभ्यास झाला आहे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, उर्दू आणि लंबाडी बोलणारी मुले शेजारी शेजारी वाढतात. तेथे या संशोधनाचे महत्त्व विशेष जाणवते.

संशोधनाचा आरंभ : फ्रेडरिक थ्रॅशर यांनी शिकागोतील मुलांच्या टोळ्यांवरील ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या मोकळ्या गटांकडे पद्धतशीरपणे पाहण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये शाळापूर्व वयातील मुलांच्या खेळाचे सहा प्रकार नोंदवले. नुसते बघणे, एकट्याने खेळणे, शेजारी बसून वेगवेगळे खेळणे यांपासून एकमेकांत कामे वाटून घेऊन खेळण्यापर्यंत हा क्रम जातो. त्याच वर्षी झां पियाजे यांचा मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथ आला. गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांना त्यांनी खेळाचे नियम विचारले. लहान मुलांना नियम मोठ्यांनी दिलेले व न बदलणारे वाटत; मोठी मुले मात्र सर्वांच्या संमतीने नियम बदलता येतात असे मानत. हा बदल बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना आणि तडजोड करताना घडतो, असे पियाजे यांचे प्रतिपादन होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या १९५३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जिवलग मित्राचे महत्त्व मांडले आहे. वयात येण्याआधीच्या काळात लाभलेला असा एक मित्र मुलाला दुसऱ्याचे सुख स्वतःच्या सुखाइतके मोलाचे मानायला शिकवतो, असे त्यांचे मत होते.

मापनाच्या पद्धती : जेकब मोरेनो यांनी १९३४ च्या ग्रंथात समाजमितीची पद्धत मांडली. वर्गातील प्रत्येक मुलाला, शेजारी कोण बसलेले आवडेल, असे विचारायचे आणि उत्तरे बाणांनी जोडून कागदावर मांडायची. यातून समाजालेख तयार होतो. ज्याच्याकडे पुष्कळ बाण येतात असे मूल, परस्परांना निवडणारी जोडी, तिघांचा त्रिकोण आणि एकही बाण न आलेले एकाकी मूल हे सारे त्यात एका दृष्टीत दिसते. न्यूयॉर्कमधील शाळांत मोरेनो यांना असे आढळले, की बालवाडीच्या वयात मुलगे व मुली एकमेकांना बऱ्यापैकी निवडतात, मधल्या इयत्तांत ही निवड जवळजवळ थांबते आणि पौगंडावस्थेच्या सुमारास ती पुन्हा वाढू लागते.

कोई, डॉज व कॉपोटेली यांनी १९८२ मध्ये मुलांची आवड आणि नावड दोन्ही मोजली. त्यामुळे नाकारलेले मूल आणि दुर्लक्षित मूल हे दोन वेगळे प्रकार आहेत हे स्पष्ट झाले. पहिल्याला वर्ग दूर ढकलतो, तर दुसरे कोणाच्या ध्यानातच येत नाही. दोघांना लागणारी मदतही वेगळी असते. रॉबर्ट केर्न्स व सहकाऱ्यांनी मुलांनाच, तुमच्या वर्गात कोण कोणाबरोबर असते, असे विचारून गटांचे नकाशे काढले. विल्यम कोर्सारो यांनी बालवाडीत मुलांबरोबर जमिनीवर बसून दीर्घकाळ निरीक्षण केले. चालू खेळात नव्या मुलाला घेण्यास मुले नकार देतात, तेव्हा बहुधा ती कष्टाने जमलेला डाव मोडू नये म्हणून जपत असतात, असे त्यांनी १९८५ च्या ग्रंथात दाखवले.

गट कसा बांधला जातो : मैत्री कोठे जुळते, हे पुष्कळ अंशी मोठ्यांनी आखलेल्या मांडणीवर अवलंबून असते. जी मुले रोज शेजारी येतात त्यांचीच मैत्री होण्याचा संभव अधिक असतो. त्यानंतर सारखेपणाचा प्रभाव पडतो. लिंग, वय, भाषा, जात वा वंश आणि आवडीनिवडी जुळणारी मुले एकत्र येतात. डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये किशोरवयीन मित्रांचा कालांतराने पुन्हा अभ्यास केला. मुले स्वतःसारखे मित्र निवडतात आणि निवडलेल्या मित्रांसारखी होतही जातात, असा दुहेरी निष्कर्ष त्यातून निघाला. मॉरीन हॅलिनन यांच्या अभ्यासांनुसार, शिक्षक वर्गाची रचना जशी करतात तसा मैत्रीचा आकार बदलतो. मुलांना हालचालीची व एकत्र कामाची मोकळीक असलेल्या वर्गांत एकाकी मुले कमी आढळली. सिडनीतील किशोरांचा अभ्यास करून डेक्स्टर डनफी यांनी १९६३ मध्ये गटांच्या वाढीचे टप्पे मांडले. आधी मुलग्यांचे व मुलींचे स्वतंत्र गट असतात, पुढे त्यांचे मिश्र मेळे होतात आणि अखेरीस ते सैल होऊन जोड्या उरतात.

दुरावा व सलोखा : मुझफर शेरीफ यांनी १९४९ मध्ये कनेक्टिकटमधील उन्हाळी शिबिरात मुलांना काही दिवस एकत्र राहू दिले. मग नव्याने जमलेले मित्र मुद्दाम वेगवेगळ्या गटांत पाडले. थोड्याच दिवसांत बहुतेकांनी आपले जिवलग नव्या गटातून निवडले. १९५४ मध्ये ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह येथे ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चढाओढीचे सामने लावले, तेव्हा शिवीगाळ व धाडी सुरू झाल्या. नुसते एकत्र जेवायला बसवून वैर शमले नाही. पाणीपुरवठा दुरुस्त करणे, अडलेली मालमोटार ओढणे अशी दोघांनी मिळूनच होणारी कामे पुढे आल्यावर ते ओसरले. संशोधकांनीच भांडणाला खतपाणी घातले, अशी टीका या प्रयोगांवर झाली आहे आणि आजच्या नीतिनियमांत ते बसणार नाहीत. सहकार्याच्या सामर्थ्याचा निष्कर्ष मात्र पुढील कामातही टिकला. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वंशभेदामुळे तणाव असलेल्या वर्गांत पाठाचे तुकडे करून प्रत्येक मुलाकडे एक तुकडा सोपवला. पूर्ण पाठ कळण्यासाठी प्रत्येकाला इतरांचे ऐकावेच लागे.

भारतातील दोन अभ्यास येथे मोलाचे आहेत. दिल्लीतील खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवण्याचे धोरण २००७ पासून लागू झाले. गौतम राव यांनी त्याचे परिणाम तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना भेदभाव कमी करू लागली. त्यांच्या परीक्षेतील गुणांवर फारसा परिणाम आढळला नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातील क्रिकेट सामन्यांवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या जातींचे तरुण एकाच संघात खेळले तेव्हा त्यांच्यात जातीबाहेरची मैत्री वाढली. विरोधी संघांत समोरासमोर आल्याने मात्र तसे घडले नाही.

आदिवासी समाजांतील बालगट : व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या ग्रंथात बस्तरमधील मुरिया गोंडांच्या घोटुलाचे वर्णन केले. अविवाहित मुलेमुली तेथे स्वतःचे पदाधिकारी नेमून, कामे वाटून घेऊन राहत. मुलांच्या समाजाला प्रौढांनी दिलेली ही उघड मान्यता होती. आदिलाबादच्या राजगोंडांत घोटुल नाही. तेथे दिवाळीच्या सुमारास निघणारी दंडारी ही मुलगे व तरुण यांना एकत्र बांधणारी मोठी प्रथा आहे. मोरपिसांचा टोप घालून, अंगाला राख फासून गुसाडी नाचतात. स्त्रीवेशातील मुलगे पोरिक म्हणून त्यांच्यासोबत असतात. वाद्ये घेऊन हा मेळा सोयऱ्यांच्या गावी जातो आणि यजमान गाव त्याला जेवू घालते. गोंडांत चार, पाच, सहा व सात देवांचे सगे, म्हणजे कुळसमूह, आहेत आणि विवाह आपल्या सग्याबाहेर होतो. त्यामुळे लहान मुलाला पुढच्या आयुष्यातील नातलगांची गावे व तेथील मुले दंडारीच्या निमित्ताने परिचयाची होतात. गुसाडीचे ज्येष्ठ नर्तक मारलवाईचे कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आदिलाबादचा अनुभव : पैनगंगेपलीकडे यवतमाळ व चंद्रपूर आणि पश्चिमेला किनवट असा या जिल्ह्याचा मराठी शेजार आहे. १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे भागही याच जिल्ह्यात होते. जिल्ह्यात आजही मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. आंध आदिवासींची घरची भाषा मराठीच आहे. २०११ च्या जनगणनेत अविभाजित जिल्ह्याच्या २७.४१ लाख लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के आदिवासी होते. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले.

१९४० मध्ये जोडेघाट येथे निजाम सरकारविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फोन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासाचे काम दिले. त्यांनी मारलवाई येथे मुक्काम केला. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. याच मुलखात अधिकारी म्हणून काम केलेले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी व कोलामी शिकून या भाषांवर लेखन केले. मारलवाईच्या शिक्षणयोजनेचा हेतू मैत्रीचा अभ्यास हा नव्हता, तरी मित्रगटाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. शिक्षक आपल्याच समाजाचा, भाषा घरची आणि शाळा गावातली असल्याने मुलाला अक्षरे शिकण्यासाठी सवंगडी सोडावे लागत नव्हते.

पुढे आश्रमशाळांचे जाळे वाढले. त्यांनी दुर्गम गुड्यांतील (वस्त्यांतील) मुलांना जेवण, निवारा व शाळा दिली. मात्र घरापासून दूर राहणाऱ्या मुलाचा गावातला मित्रगट तुटतो आणि नवा त्याला स्वतःच उभारावा लागतो. गोंडी बोलणारी पुष्कळ मुले असतात तेथे गोंडी मुलाला आधार सापडतो. कोलामी बोलणारे मूल अशा शाळेत एकटेच असेल, तर खेळाचे नियम आणि वर्गाची भाषा दोन्ही त्याला परक्याकडून शिकावे लागतात. समाजालेखात बाण न आलेले मूल दिसते. ते एकटे का पडले हे समजण्यासाठी त्याच्या शेजारी बसून त्याच्या भाषेत बोलणारे कोणीतरी लागते.

मुलांच्या गटाकडे शाळेनेच चालत जाण्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले जेथे जमत तेथेच शिक्षण पोहोचले, त्यामुळे शिकणे आणि सवंगडी यांत निवड करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

उपयोग व मर्यादा : मित्रगटावरील बहुतेक संशोधन अमेरिका व युरोपातील शहरी शाळांत झाले आहे. भाऊबहिणी, चुलतभावंडे व शेजारी यांच्याच घोळक्यात वाढणाऱ्या मुलांना त्याचे निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत. नावडती नावे विचारल्याने मुले दुखावण्याचा धोका असतो, म्हणून हा प्रश्न जपून वापरावा किंवा टाळावा. समाजालेख शिक्षकाने स्वतःपुरता ठेवावा. तो वर्गात दाखवण्याची वस्तू नाही.

या मर्यादा लक्षात घेऊनही काही गोष्टी शाळेला आजच करता येतात. बसण्याच्या जागा ठराविक काळाने बदलाव्यात. भाषांनुसार गट न करता मिश्र गटांना सर्वांच्या सहभागाशिवाय पूर्ण न होणारे काम द्यावे. वसतिगृहात येणाऱ्या लहान मुलाला त्याच्या गावचा किंवा त्याच्या भाषेचा एक तरी सोबती त्याच खोलीत मिळेल असे पाहावे. सामने लावताना गावागावांचे किंवा जातीजातींचे संघ समोरासमोर उभे करू नयेत. मैत्री आज्ञेने होत नाही, पण तिला जागा देणे वा नाकारणे मोठ्यांच्या हाती असते. अनेक भाषांच्या सीमाभागात प्रत्येक मुलाला सवंगडी मिळेल अशी व्यवस्था करणे हे शिकवण्याच्या कामाइतकेच शाळेचे कर्तव्य आहे.