उज्जैनचे सण, सवारी आणि सोमवारी बंद शाळा: बाहेरच्या मराठी वाचकांसाठी माहिती

दिवाळी झाली की आपल्याकडे सणांची धामधूम ओसरते. उज्जैनच्या जुन्या शहरात मात्र तेव्हा दुसरा हंगाम सुरू होतो. कार्तिक आणि अगहन (मार्गशीर्ष) महिन्यांत दर सोमवारी महाकालची पालखी निघते. श्रावण-भाद्रपदातही तसंच. या दिवसांत मार्गावरच्या मोहल्ल्यांचं दळणवळण, दुकानदारी, शाळा, दवाखाना, सगळं सवारीच्या वेळेवर चालतं. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना आणि तिथे नातेवाईक असणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी ही माहिती.

सवाऱ्या किती, आणि तारखा का चुकतात

उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे मध्य प्रदेशात श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. महाकालच्या सवाऱ्या मात्र दोन्ही पंचांगांना धरून निघतात. त्यांचा आरंभ उत्तरेच्या श्रावणात होतो आणि शेवट भाद्रपद वद्यात, म्हणजे आपल्या श्रावणाच्या अखेरीस होतो. ही शिंदेशाहीच्या काळातली रीत मानली जाते.

2025 चं उदाहरण घ्या. सवाऱ्या सहा निघाल्या: 14, 21, 28 जुलै आणि 4, 11, 18 ऑगस्ट. यातल्या शेवटच्या चार तारखा म्हणजे मराठी पंचांगातले श्रावणी सोमवार. कार्तिक-अगहनच्या चार सवाऱ्या (27 ऑक्टोबर, 3, 10, 17 नोव्हेंबर) तर सगळ्याच मराठी कार्तिकात पडल्या. शेवटच्या मोठ्या सवारीला पूर्वी 'शाही' म्हणत. 2024 पासून 'राजसी' म्हणतात. तिकीट काढताना कालनिर्णयावर विसंबू नये, मंदिर समितीच्या तारखा पाहाव्यात.

मराठी धागा

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी 18व्या शतकात महाकाल मंदिर पुन्हा उभारलं. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली. छत्री चौकाजवळचं गोपाळ मंदिर त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलं. श्रावणातल्या सवारीत होळकर घराण्याच्या नावाचा मुखवटाही असतो. नरक चतुर्दशीला, तिथल्या भाषेत रूप चौदसला, पुजारी घरांतल्या स्त्रिया महाकालला उटणं लावतात. आपल्या अभ्यंगस्नानाचीच ही आठवण.

मार्ग आणि त्यावर राहणारी माणसं

सवारी दुपारी चारच्या सुमारास पोलिसांची सलामी घेऊन निघते. कोट मोहल्ला, गुदरी चौराहा, बक्षी बाजार, कहारवाडी असं करत रामघाटावर येते. तिथे क्षिप्रेच्या पाण्याने पूजन होतं. परतीला कार्तिक चौक, ढाबा रोड, टंकी चौक, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटनी बाजार आणि पुन्हा गुदरी.

रस्ते अरुंद, घरं जुनी. दरवर्षी सवारीपूर्वी नगर निगम मार्गावरच्या जर्जर इमारतींना नोटिसा देतं, कारण गच्च्या-गॅलऱ्यांत दर्शनाला गर्दी होते. इथेच खरी अडचण आहे. घर मालकाचं, राहतो भाडेकरू. दुरुस्ती कोणी करायची यावर दोघांचं जमत नाही आणि नोटीस दारावर तशीच राहते. बॅरिकेड लागले की आजारी माणसाला बाहेर काढणं हाही मोठा प्रश्न. त्यामुळे मोहल्ल्यातले लोक डायलिसिस, तपासण्या अशी कामं शक्यतो सोमवार टाळून ठरवतात.

शाळांचा तोडगा वेगळा आहे. 2024 आणि 2025 मध्ये श्रावणातल्या सवारीच्या सोमवारी शहरातल्या शाळांना सुट्टी आणि त्याबदली रविवारी वर्ग, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला होता. मुलांची सोय झाली. पण ज्या घरी आई-बाबांची सुट्टी रविवारीच, तिथे आठवड्याचा एकत्र दिवस गेला.

हरिहर मिलन आणि फटाके

वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालची पालखी गोपाळ मंदिरात जाते. हर आपला कारभार हरीकडे सोपवतो, अशी श्रद्धा. या रात्री मार्गावर आतषबाजी आणि हिंगोट फेकणं यावर प्रशासन बंदी घालत आलं आहे. लाकडी माड्यांच्या वस्तीत ठिणगीचं भय खरंच आहे. 25 मार्च 2024 रोजी होळीच्या भस्म आरतीत गाभाऱ्यात भडका उडून 14 जण भाजले आणि त्यांतल्या एका सेवकाचा पुढे मृत्यू झाला. तेव्हापासून मंदिरातही रंग-गुलालावर कडक नियम आहेत.

रहवासी संघ म्हणजे काय

माळव्यात कॉलनीच्या संघटनेला 'रहवासी संघ' म्हणतात. आपला 'रहिवासी'च तो. महाराष्ट्रात हाउसिंग सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली असते, म्हणून तिला वसुलीचे अधिकार असतात. तिकडचे बरेच रहवासी संघ 1973 च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली नोंदतात. त्यांचं काम मुख्यतः पाठपुराव्याचं: पथदिवे, नाली, कचरा गाडी, सणाचा मंडप.

तक्रारीचे मार्ग असे:

- वॉर्डाचा पार्षद. उज्जैन नगर निगमात 54 वॉर्ड आहेत.
- सीएम हेल्पलाइन 181. तक्रार सुटली नाही तर ती वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते. समाधान झालं नसेल तर बंद करायला होकार देऊ नये.
- दर मंगळवारची जनसुनवाई, कलेक्टर कचेरीत. आपल्याकडचा लोकशाही दिन महिन्यातून एकदाच येतो. तिथे दर आठवड्याला संधी मिळते.

पुढे काय

11 ऑक्टोबर 2022 ला महाकाल लोकचा पहिला टप्पा खुला झाल्यावर गर्दी सणापुरती राहिली नाही. आता 2028 च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत. केडी गेट ते इमली तिराहा रस्त्यावर अनेकांच्या घरांचा दर्शनी भाग गेला. रुंद रस्त्याने रुग्णवाहिका पोचेल हे खरं. पण ज्याची दोन खणांची ओसरी होती, त्याचा हिशेब वेगळा आहे. अशा घरमालकांनी मोजणीचा नकाशा, मालमत्ता कराच्या पावत्या आणि नोटिशीची प्रत जपून ठेवावी. भाडेकरूंनीही भाडेपावत्या सांभाळाव्यात. जनसुनवाईत बोलण्याआधी कागद विचारतात.

पाहुण्यांसाठी एवढंच: सोमवारी गाडी जुन्या शहरात नेऊ नये, कुणाच्या ओट्यावर किंवा गॅलरीत न विचारता चढू नये, आणि प्रसादाचा कागद खिशात ठेवावा. सवारी पुढे गेल्यावर तो रस्ता पुन्हा तिथल्या लोकांचं अंगण होतो.